नाते गांवचा जुना सॅक्सोफोन

महाडाहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नाते म्हणून एक गांव आहे. गडावर जाणारी मंडळी पाटीवरील हें नांव वाचतात, कौतुकानें हंसतात आणि मोटार न थांबवितां पाचाडचा रस्ता धरतात. ज्यांना राजधानीचें दर्शन घ्यावयाचें असतें, त्यांचें लक्ष वाटेंतील लहान गांवाकडे न गेलें तर त्यांत नवल नाहीं. तथापि ज्यास चार घटका सवड असेल, त्यानें येथें अवश्य उतरावें. नातें म्हणजे संबंध; आणि या गांवीं मला असा एक संबंध पाहावयास मिळाला कीं, जो कोणत्याहि व्याकरणांत किंवा कोशांत सांपडला नसता. तो म्हणजे आपल्या कोंकणांतील सनई आणि बेल्जम देशांतील एका कारागिराचें पितळी वाद्य यांच्यामधील संबंध होय.

मुंबईकडून आगगाडीनें येणाऱ्यानें कोंकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरावें. मोटारीनें येणाऱ्यास महाडचें एस्. टी. स्थानक सोयीचें. महाड हें सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमावरील जुनें व्यापारी गांव. येथील चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह करून पाण्यावरील माणसाचा हक्क प्रस्थापित केला. तें तळें पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. जुलै २०२१ च्या महापुरांत याच नद्यांनीं बाजारपेठ बुडविली होती. गांव मागें टाकलें कीं रस्ता डोंगरांच्या कुशींत शिरतो. मी गेलों तो श्रावणाचा आरंभ होता. दोहों बाजूंस भाताचीं हिरवीं खाचरें, बांधावर सागाचीं रुंद पानें, मधूनच डोंगराच्या कपारींतून उतरणारी पांढरी धार, आणि क्षणांत ऊन तर क्षणांत सर. ज्यानें कोंकणचा श्रावण पाहिला आहे, त्यास अधिक सांगावयास नको.

नाते गांवाचा मोठा मान असा कीं, १४ जानेवारी १८९६ रोजीं चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म येथें झाला. लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें रायगडावर शिव-उत्सव झाला, तोहि याच वर्षीं. चिंतामणराव १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. पुढें १९४३ मध्यें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, १९५० मध्यें अर्थमंत्री झाले, आणि १९५६ मध्यें मुंबईच्या प्रश्नावर तें पद सोडून मोकळे झाले. परंतु आम्हां संस्कृतच्या शिक्षकांना त्यांचा विशेष अभिमान वाटतो तो निराळ्या कारणानें: देशाच्या तिजोरीचा हिशेब ठेवणाऱ्या या गृहस्थानें कालिदासाचें मेघदूत मराठींत आणिलें. त्याच मेघदूतांत, हिमालयांतील पोकळ वेळूंत वारा शिरून ते आपोआप गाऊं लागतात, असें एक वर्णन आहे. वाऱ्यानें भरलेली पोकळ नळी हेंच सर्व सुषिर वाद्यांचें मूळ. हें वर्णन मराठींत आणणाऱ्याच्या जन्मगांवीं, वाऱ्यानें भरावयाच्या एका पितळी नळीवरून वाद चालू आहे, असें पत्र जेव्हां माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पाठविलें, तेव्हां मला जाण्याचा मोह आवरला नाहीं.

हा विद्यार्थी त्या बाजूस शिक्षक आहे. त्याच्या पत्रांतील हकीगत अशी होती. तेथील एका आळींत जुना खालूबाजा आहे. सनई, ढोल, टिमकी आणि झांज यांचा हा ताफा कोंकणांत लग्नकार्यांत, शिमग्यांत व पालखीपुढें वाजतो. आळींतील सनईवाले आजोबा आतां थकले. त्यांचा सतरा-अठरा वर्षांचा नातू महाडांतील एका लग्नाच्या बँडांत पडेल तें काम करून सॅक्सोफोन फुंकावयास शिकला. आणि तो बँड मोडला तेव्हां तेथील एक जुनें वाद्य त्यानें उधारीवर घरीं आणिलें. आतां गणपतीच्या वर्गणींतून त्या वाद्याचे पैसे द्यावे व त्याची दुरुस्ती करून गांवाचें चालतें वाद्यपथक उभें करावें, कीं तेच पैसे घालून विसर्जनास मोठ्या भोंग्यांची गाडी, म्हणजे लोक ज्यास डीजे म्हणतात ती, भाड्यानें आणावी, असा वाद पडला होता. “गुरुजी, आपण या. आपल्यासमोर मंडळी जरा सबुरीनें बोलतील,” असें त्यानें शेवटीं लिहिलें होतें.

मी तें वाद्य प्रथम पाहिलें तें एका पडवींत, पोत्यावर ठेवलेलें. रोगण बहुतेक उडालेलें, कर्ण्याच्या कडेस दोन पोचे, आणि गळ्यांत अडकविण्याचा पट्टा म्हणून एक सुती दोरी. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं अशी वस्तु मोडीच्या भावानें भंगारवाल्याकडे गेली असती. परंतु वाद्याची परीक्षा रूपावरून करूं नये. हें वाद्य कोठून आलें व कशासाठीं जन्मलें हें कळलें म्हणजे त्याच्या फाटक्या वेषाचा अर्थहि कळतो.

सॅक्सोफोन हें नांव त्याच्या निर्मात्याचें आहे. अडॉल्फ सॅक्स याचा जन्म ६ नोव्हेंबर १८१४ रोजीं बेल्जममधील दिनां या गांवीं झाला. बापहि वाद्यें घडविणाराच. त्या काळच्या लष्करी बँडांत एक उणीव असे. पितळी तुताऱ्यांचा आवाज दूर जाई, पण त्यांच्या अंगीं चपळपणा नसे. लांकडी वाद्यें चपळ, परंतु मोकळ्या मैदानांत त्यांचा आवाज विरून जाई. सॅक्सनें दोहोंचा मेळ घातला. नळी पितळेची केली, पण तोंडाशीं पत्ती बसविली ती गवताच्या कुळांतील नळाची. ज्या पिढीनें बोरूनें कित्ते गिरविले, तिला हें ऐकून कौतुक वाटेल कीं, त्या झगझगीत वाद्याचा प्राण बोरूसारख्याच एका काडींत आहे. याच पत्तीमुळें, अंग सगळें धातूचें असूनहि, जाणते लोक सॅक्सोफोनची गणना लांकडी वाद्यांत करतात. फ्रेंच सैन्यानें १८४५ मध्यें आपल्या बँडांची नवी रचना करतांना सॅक्सचीं वाद्यें पत्करलीं, आणि १८४६ मध्यें पॅरिस येथें त्यानें सॅक्सोफोनचें पेटंट घेतलें. म्हणजे दिवाणखान्यांत किंवा नाचघरांत नव्हे, तर पायीं चालणाऱ्या शिपायांच्या रांगेंत शोभावें याच हेतूनें हें वाद्य निर्माण झालें. त्याच्या कर्त्याची गोष्ट मात्र उदास करणारी आहे. तीन वेळां त्याचें दिवाळें वाजलें, आणि १८९४ मध्यें तो पॅरिसला वारला तेव्हां त्याच्यापाशीं संपत्ति म्हणून फारसें कांहीं उरलें नव्हतें.

आपल्याकडे हीं वाद्यें इंग्रजी पलटणींबरोबर आलीं. पलटणींतून तीं संस्थानिकांच्या दरबारांत गेलीं, आणि तेथून लग्नाच्या मिरवणुकींत. संयुक्त प्रांतांतील मेरठ येथें तीं घडविण्याचा धंदा वाढला. त्या शहरांतील नादिर अली आणि कंपनी ही पेढी १८८५ पासूनची. महाराष्ट्रांत पुण्याचे प्रभात व दरबार हे बँड गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीमुळें घरोघर ठाऊक आहेत. सारांश, नात्याच्या पडवींतील वाद्य कितीहि दूरचें वाटलें, तरी येथपर्यंत येण्याची त्याची वाट सरळ आहे.

आतां मुख्य प्रश्न. चालत्या पथकासाठीं जुनें व स्वस्त वाद्य घ्यावें काय? नामांकित परदेशी कारखान्याचा नवा सॅक्सोफोन लाखाच्या पुढें जातो. तो श्रीमंताच्या मुलानें बैठकींत वाजवावा हें ठीक. परंतु रस्त्यावर वाद्याच्या नशिबीं काय येतें तें पाहा: भाद्रपदांतील सर, वैशाखांतील ऊन, गुलाल, गर्दीचे धक्के, आणि शेवटीं जीपच्या टपावरील प्रवास. लाखाचें वाद्य गळ्यांत असलें म्हणजे वाजविणाराचें अर्धें चित्त तें सांभाळण्यांत जातें. आणि भीत भीत वाजविणाराचा श्वास आंखडतो. पोचा आलेलें वाद्य घेतलेला मुलगा मोकळ्या मनानें चालतो. म्हणून रस्त्यासाठीं स्वस्त वाद्य हें केवळ गरिबीचें समाधान नव्हे. त्यांत शहाणपणहि आहे.

मात्र स्वस्त कशांत व्हावें आणि कशांत होऊं नये, याचा विवेक पाहिजे. त्या मुलानें मला ही परीक्षा करून दाखविली. ती मी येथें देतों, कारण ती कोणाहि गृहस्थास उपयोगी पडेल. रोगण गेलें तरी चालेल. नक्षी झिजली तरी चालेल. कर्ण्याच्या कडेचे लहान पोचे बहुधा बाधत नाहींत. परंतु मान वांकलेली नसावी, आणि मुख्य नळी सरळ असावी. सॅक्सोफोनच्या अंगावर वीसांहून अधिक भोकें असतात, व प्रत्येकावर चामड्याची गादी लाविलेलें झांकण बसतें. बँडवाले या गादीस पॅड म्हणतात. गादी वाळून तडकली कीं फटींतून वारा निसटतो, आणि मग कितीहि जोरानें फुंकलें तरी खालचे सूर बोलत नाहींत. हें ओळखण्याची युक्ति मोठी नामी आहे. अंधाऱ्या खोलींत जाऊन नळीच्या आंत एक बारीकसा दिवा सोडावा आणि झांकणें मिटावीं. जेथून उजेड दिसेल तेथून वारा गळतो असें समजावें. नातवानें कोठीच्या खोलींत हा प्रयोग केला, तेव्हां चार ठिकाणीं पिंवळी रेघ चमकली. “हीं चार बदललीं की झालं, गुरुजी,” तो म्हणाला.

दुसरी गोष्ट स्प्रिंगांची. त्या सुईसारख्या पोलादी असतात, आणि कोंकणच्या दमट हवेंत गंजून ऐन वेळीं तुटतात. तिसरी गोष्ट मानेवरील बुचाची. तें झिजलें कीं मुखनळी सैल बसते व सूर ढळतो. नडीच्या वेळीं कागदाची पट्टी गुंडाळून काम भागतें. चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि ती डोळ्यांनीं होत नाहीं. पूर्वीं पलटणींच्या बँडांत सूर आजच्यापेक्षां चढा लावीत. आतां सर्वत्र सेकंदास ४४० कंपनांचा स्वर प्रमाण मानतात. त्या जुन्या चढ्या पट्टीचें वाद्य कितीहि स्वस्त मिळालें तरी घेऊं नये, कारण तें आजच्या मेळांत कधींच बसत नाहीं. मुखनळी बाहेर ओढून सूर थोडा उतरतो, परंतु मग सगळ्या स्वरांचीं आपसांतील अंतरें बिघडतात. म्हणून विकत घेण्यापूर्वीं वाद्य सुरांत असलेल्या दुसऱ्या वाद्याशेजारीं लावून पाहावें. या चार परीक्षांत उतरलें तर रूपाची पर्वा करूं नये. स्वस्ताई अंगावरच्या झिलईंत असावी. श्वासाच्या वाटेंत नसावी.

चालतां चालतां फुंकणें ही तर निराळीच विद्या. पाऊल जोरानें आपटलें कीं मुखनळी दांतांवर आदळते आणि सूर थरथरतो. म्हणून गुडघे सैल ठेवून, टांच आधीं टेकून, पाण्याची घागर नेणाऱ्या बाईप्रमाणें धड स्थिर ठेवावें लागतें. पथकांतील मुलें प्रथम न वाजवितां नुसतीं ढोलावर चालत. मग एकच लांब सूर धरून चालत. आणि तो सूर वळणावरहि हलेनासा झाला म्हणजे मग चाल घेत. काव्य शिकण्यापूर्वीं रूपें घोकावीं लागतात, तसेंच हें.

आतां ज्या संबंधाचा आरंभीं उल्लेख केला त्याकडे येतों. सनईवाले आजोबा प्रथम या वाद्यावर रुष्ट होते. “घरांत देवाचं वाजंत्र असताना हा पितळी हंडा कशाला?” असें ते म्हणत. एके दिवशीं नातवानें त्यांना सांगितलें, “आजोबा, तुमच्या सनईवर वरच्या सप्तकात बोटं तीच राहतात ना? ह्याच्यावरपण तीच राहतात.” म्हाताऱ्यानें तें हातीं घेतलें, बोटें ठेवून पाहिलीं, आणि बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. यांत जें रहस्य आहे तें असें: सनईची नळी वर निमुळती व खालीं रुंद होत जाते; सॅक्सोफोनचीहि तशीच. अशा नळींत श्वासाचा दाब वाढविला कीं सूर बरोबर एक सप्तक वर जातो, म्हणून दोन्ही सप्तकांत बोटें तींच चालतात. सॅक्सोफोनवर अंगठ्यानें एक लहानशी चावी दाबली म्हणजे हें काम सुलभ होतें. क्लॅरिनेटची नळी मात्र बहुतेक सर्वत्र सारख्या रुंदीची. म्हणून तिच्यावरील उडी वरच्या सप्तकांतील पंचमावर जाऊन पडते, आणि बोटें नव्यानें शिकावीं लागतात. अर्थात् सॅक्सोफोन हा जातीनें परका दिसला तरी कुळीनें सनईचा आप्तच म्हणावयाचा.

दक्षिणेंत हें आप्तपण एका थोर कलावंतानें सिद्ध करून दाखविलें आहे. दक्षिण कानडा जिल्ह्यांतील कद्री गोपालनाथ यांचे वडील नागस्वर वाजवीत. गोपालनाथांनीं लहानपणीं म्हैसूरच्या राजवाड्यांतील बँडांत सॅक्सोफोन ऐकिला, आणि त्याच वाद्यावर कर्नाटक संगीत वाजविण्याचा निश्चय केला. गमकें निघत नाहींत असें लोक म्हणत. त्यांनीं तीं काढलीं. १९९४ मध्यें लंडनच्या प्रख्यात प्रॉम्स जलशांत त्यांचें वादन झालें, २००४ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ११ ऑक्टोबर २०१९ रोजीं ते निवर्तले. नागस्वरवाल्याच्या घरांतून जें झालें, तें सनईवाल्याच्या घरांतून कां होऊं नये?

सभा देवळांत भरली. पहिल्या अर्थमंत्र्यांपैकीं एकाचें जन्मगांव तें. तेथील अंदाजपत्रक नीटनेटकेंच असावयाचें! शिक्षकानें फळ्यावर आंकडे मांडले: जुनें वाद्य ९,००० रुपये, गाद्या, बूच व स्प्रिंगा ३,८००, पट्टा व पत्त्या ७००, एकूण १३,५००. भोंग्यांच्या गाडीचें एका रात्रीचें भाडें याच्या दुपटीहून अधिक. तरुणांपैकीं एकानें स्पष्ट विचारलें, “पण पोरं नाचणार कशावर? मुंबईहून येणारी मंडळी हसतील.” प्रश्न खरा होता. चाकरमानी वर्षांतून एकदां येतात, आणि त्यांच्यापुढें आपलें गांव मागासलेलें दिसूं नये असें कोणास वाटणार नाहीं? दुसऱ्यानें सांगितलें कीं, गेल्या वर्षीं भोंग्यांच्या दणक्यानें घरांच्या कौलांना हादरे बसत होते. रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक लावूं नये असा २००० सालचा नियम आहे, हेंहि शिक्षकानें निदर्शनास आणिलें. शेवटीं आजोबा उठले. ते एवढेंच म्हणाले, “भोंगा भाड्यानं येतो नि भाडं घेऊन जातो. बाजा गावात राहतो. माझा श्वास आता पुरत नाही, पोराचा पुरतोय. त्याला द्यायचं तर आत्ता द्या.”

यानंतर फार वाद झाला नाहीं. भोंगे आणूं नयेत असें ठरलें. मात्र मुलांच्या हट्टाखातर दोन ताशे वाढवावे असेंहि ठरलें, आणि तें मला रास्त वाटलें.

पुढची हकीगत पत्रानें कळली. गौरी-गणपतीच्या विसर्जनास अपेक्षेप्रमाणें पाऊस कोसळला. भिजून दोन गाद्या फुगल्या, आणि सॅक्सोफोनचे अगदीं खालचे सूर बोलेनासे झाले. मुलगा गोंधळला नाहीं. त्यानें चाल वरच्या सप्तकांत घेतली. आणि जेथें त्याचा दम तुटे, तेथें कांठाच्या ओट्यावर छत्रीखालीं बसलेले आजोबा सनईनें तो सांधा भरून काढीत. मुंबईहून आलेली मंडळी हंसलीं नाहींत, नाचलीं. एवढा एक दिवस साधला म्हणजे पथक कायमचें उभें राहिलें, असें मी म्हणत नाहीं. नातू उद्यां पोटासाठीं महाडच्या कारखान्यांत किंवा मुंबईस जाईल. मग वाद्य पुन्हां पोत्यावर पडेल कीं काय, ही काळजी शिक्षकाच्या पत्रांतहि होती. म्हणून त्यानें आतां त्या मुलाच्या हाताखालीं दोन लहान मुलें बसविलीं आहेत, त्यांत एक मुलगी आहे.

या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें मोठीं आहेत. अशा घरांत माळ्यावर कोणा काकांची शाळेच्या बँडांतील क्लॅरिनेट, कोणा मामांचा बिगुल, नाहीं तर नळी हरवलेली बासरीची पेटी सांपडतेच. दर दिवाळीस ती पुसून पुन्हां वर ठेवण्यांत कांहीं अर्थ नाहीं. वर सांगितलेल्या परीक्षा करून ती अशा एखाद्या पथकास द्यावी. आणखी एक विनंति. आपल्या घरच्या कार्यांत वाजंत्री दाराशीं उभे राहून सर्वांआधीं वाजवितात आणि पंगतींत सर्वांच्या शेवटीं बसतात. ज्यांच्या श्वासावर आपलें मंगल उभें राहतें, त्यांना पहिल्या पंगतीस पाट मांडावा. त्यास फार खर्च येत नाहीं.

रायगडास जाणाऱ्यांनीं म्हणूनच नात्यास थोडें थांबावें. गड पाहण्याजोगा आहेच. परंतु वाटेवरील गांव ऐकण्याजोगें आहे.